बिनभुताचा सिनेमा

— अहो, कसला सिनेमा नि कसलं काय! म्हणजे तुमच्याही कानावर आलंच का ते? मला वाटलंच. मघापासून दुकान कसं चालतं, घर स्वतःचं आहे का, स्वभाव कसा, असं नुसतं गोल गोल फिरताय, म्हटलं या ताईंच्या पोटात काहीतरी वेगळंच आहे. विचारा की सरळ! धाकट्या बहिणीचं लग्न आमच्या शेजारच्या भाऊजींशी ठरतंय म्हटल्यावर शेजारीपाजारी चौकशी करावीच माणसानं, त्यात ओशाळायचं काय? आणि आलात ते बरोब्बर दारात आलात. या इमारतीत कुणाचं दूध उतू गेलं हे त्या घरातल्या बाईच्या आधी मला कळतं. तर चष्मेवाले भाऊजी — ते समोर नाहीत म्हणून सांगते, तोंडावर स्तुती करायची माझी पद्धत नाही — देवमाणूस! भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, पण वरच्या पट्टीतला आवाज म्हणून कधी ऐकला नाही. जिन्यातला दिवा गेला, भाऊजी. नळ गळतोय, भाऊजी. कुलूप अडकलं, भाऊजी. आमच्या ह्यांना खिळा ठोक म्हटलं तर आधी हातोडी कुठेय इथपासून सुरुवात. आणि हे बघा, चहा घ्या, गार होतोय — नको? बरं, राहू दे तसाच.

तर सिनेमा. तो काढला भाऊजींच्या पहिल्या बायकोच्या भावानं. तो आधी सिनेमावाल्यांचे दिवे उचलायचा — उचलता उचलता डोक्यात उजेड पडला असेल! बहीण नवरा सोडून याच्याकडे येऊन राहिली, तिनं रडत गोष्ट सांगितली, यानं उधारउसनवार करून सिनेमा केला. आणि जाहिरात काय, तर माणसाच्या रूपातला सैतान! कच्च्या काळजाच्यांनी येऊ नये! अंगावर काटा येईल! मी मुद्दाम स्वेटर घेऊन गेले होते. कसला काटा, कुसळसुद्धा आलं नाही. भूत नाही, रक्त नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही. एकदाच काय ते दार कर्रकर्र वाजलं, म्हटलं आलं आता! तर तो सैतान तेलाची कुपी घेऊन येतो आणि बिजागरीला तेल घालतो. आता मला सांगा, ज्या सिनेमातला सैतानच बिजागरीला तेल घालतो त्याला घाबरायचं कुठून? चार दिवस चालला नाही. त्यातही एका खेळाला निम्मी गर्दी आमचीच, या इमारतीची. का म्हणून विचारा. अहो, भाऊजींनीच नेलं आम्हाला सगळ्यांना! तिकिटं त्यांची, मध्यंतरातले दाणे त्यांचे. म्हणाले, चला, माझ्यावर सिनेमा निघालाय, असं भाग्य कुणाला मिळतं? मधोमध बसले आणि पहिलं हसले ते तेच. मग आम्हीही हसलो. ज्याच्यावर काढलाय तोच हसतोय म्हटल्यावर आपण तोंड पाडून बसायचं होय? शेवटी बाहेर पडताना एवढंच म्हणाले, ‘बिचारी. तिचा दोष नाही.’ माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. दुसरा असता तर खटला भरला असता.

गोष्ट ऐकायचीय? ऐका, पोटभर हसाल. एक चष्मेवाला असतो. गोड बोलणारा. उठता बसता ‘सावकाश’ म्हणणारा. तो लग्न करतो. बायकोला थोडासा नंबर असतो, असतो कित्येकांना. हा तिला हौसेनं नवा चष्मा करून देतो. मग महिन्यादोन महिन्यांनी आणखी एक. आणि दर वेळी काचेत जरा जरा चूक करत जातो — मुद्दाम हं! कळणार नाही इतकी. तिला पायऱ्या हलताना दिसायला लागतात, भांड्यात पाणी ओतलं की बाहेर पडतं, डोकं ठणकतं. हा हात धरतो. सावकाश, सावकाश. नोकरी सुटते, बाहेर जाणं सुटतं, आणि सगळं जग म्हणतं, बघा कसा जपतोय! संपला सिनेमा. ना सुरा, ना विष. चष्म्यानं कुणी माणूस मारतो का, ताई?

आणि सगळ्यात मोठा विनोद पुढेच आहे. त्या दिवेवाल्या भावानं काय करावं, तिच्या डोळ्यांना जसं दिसतं तसंच आम्हाला दाखवलं! पडदाभर सगळं पुसट, एकाचे दोन, पायऱ्या लोण्यासारख्या वितळलेल्या. आम्हाला काय ठाऊक! लोक ओरडायला लागले, ए मशीनवाल्या, झोपलास काय, नीट कर! मागून शिट्ट्या, खुर्च्यांवर पाय आपटणं. मीही ओरडले, खोटं का बोलू. मग एका जागी ती बाई जिन्यावरून पडते, दवाखान्यात नेतात, तिचा चष्मा फुटलेला असतो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणते, घे गं माझा, तेवढ्यापुरता. ती घालते, आणि पडदा एकदम लख्ख! खिडकीच्या गजावर मुंगी चालतेय तीसुद्धा दिसावी इतका. आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, मशीनवाला जागा झाला एकदाचा! ती बाई पडद्यावर हमसाहमशी रडतेय आणि खाली टाळ्या. हसून हसून पुरेवाट.

— तुम्ही नाही हसलात. बरोबर आहे, तुम्ही होतात कुठे तिथं.

नाही, पडली होती ना वहिनी, भाऊजींची ती पहिली बायको. ते खरं आहे. याच जिन्यावर, मनगट मोडलं. भाऊजींनी उचलून नेलं तिला, लहान पोरासारखं. आणि ती दवाखान्यातून परस्पर भावाकडे गेली, ती आजतागायत परत नाही. नवरा रोज डबा घेऊन दारात उभा, आणि हिनं तोंड दाखवलं नाही. डोक्यावर परिणाम, दुसरं काय! डोळे तर तिचे जन्माचेच अधू — म्हणजे जन्माचे नाही, लग्नाआधी ती नकाशे काढायच्या कचेरीत होती म्हणे, केसाएवढ्या रेषा मारायची. मग इथं आल्यावरच बिघडले. होतं असं कुणाकुणाचं. बाईच्या जातीला लग्न मानवतंच असं नाही. दाखवलेच नसते का त्यांनी मोठ्या डॉक्टरला? पण घरात चष्म्याचं दुकान असताना बाहेर कशाला दाखवायचं? तिनं एकदा गुपचूप बाहेरून चष्मा करून आणला होता, तर किती लागलं होतं भाऊजींच्या मनाला! तांदळाच्या डब्यात लपवलेला. मीच सांगितलं त्यांना, म्हणजे कुचाळकी म्हणून नाही हो, काळजीपोटी! भलत्यासलत्या काचेनं उरलीसुरली नजर जायची. त्यांनी काही रागावलं नाही तिला. तो चष्मा तेवढा काढून घेतला.

आणि याचंच त्या भावानं काय केलं बघा. सिनेमात एक शेजारीण घातलीय. जाडी, कमरेवर हात, सदा दारात उभी. चष्मेवाला घरी आला की ही त्याला सांगते: आज ती एकटीच खाली गेली होती हं भाऊजी, आज तिला पत्र आलं हं भाऊजी. आणि त्या बाईच्या माहेरचे चौकशीला येतात तेव्हा हीच म्हणते, ‘देवमाणूस!’ अख्खं थिएटर फुटलं हसून. आमच्या ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, मी अशी दिसते? मी अशी बोलते? तर हे म्हणतात, नाही, तू भरभर बोलतेस. मेलं लक्षण! चार दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. वहिनीच्या वडलांना मी सांगितलं होतं, हो, सांगितलं होतं. याच खोलीत. जे वाटलं तेच सांगितलं ना? माणूस आणखी काय सांगणार?

मलाही भाऊजींनी चष्मा दिला की. हा काय. सिनेमा उतरला त्याच आठवड्यात. मी म्हटलं, कशाला, माझा आहे चांगला. म्हणाले, तुमचं नाव उगाच पडद्यावर गेलं, माझ्यामुळे, मला वाईट वाटतं. जुना त्यांनीच ठेवून घेतला, कुणा गरिबाला होईल म्हणून. इतका विचार! आता माझंही वय झालंय, त्याला ते काय करणार? समोरच्या गॅलरीत कोण उभंय ते हल्ली मला कळत नाही. जिना उतरताना कठडा लागतो. पूर्वी कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय, सगळं इथं बसून दिसायचं मला. आता विचारावं लागतं. लोक म्हणतात, फार विचारते बाई ही. दिसत नाही म्हणून विचारते, मेल्यांनो!

— काय म्हणालात? बहिणीला? तिलाही दिला? साखरपुड्याला? अहो, म्हणजे कौतुकच की ते, अंगठी तर कुणीही देतं... डोकं दुखतं म्हणते? आणि परवा रस्त्यावर... थांबा. थांबा जरा. होतं असं, नवा चष्मा अंगवळणी पडायला वेळ लागतो, मलाही — मला किती झालं? सिनेमा गेल्या पावसाळ्याच्या आधीचा. छे! अंगवळणी कसलं पडतंय. पण म्हणून काय लगेच... ताई, तुम्हीही शिकलेल्या बाई आणि त्या सिनेमाच्या नादी लागता? तो खोटा आहे सगळा. आणा तुमचा चष्मा. आणा म्हणते ना, दाखवते तुम्हाला. तुमचाही लांबचाच नंबर दिसतोय, माझ्या जुन्याच्या जवळपास. घालते हा मी आणि तुम्हाला दाखवते, काहीएक फरक पडत नाही ते. म्हणजे तुमचाही जीव भांड्यात आणि माझा —

अगंबाई.

भिंतीला केवढी भेग गेलीय ही. कधी गेली? त्या गॅलरीत — ती मधल्या मजल्यावरची मास्तरीण आहे, केस वाळवतेय, अगदी कानातलंसुद्धा... आणि ही धूळ! कपाटावर बोटभर धूळ, माझ्या घरात! मी रोज पुसते हो. रोज पुसते मी.

ताई. तुम्ही रडताय? केव्हापासून? मी आपली एवढा वेळ दात काढतेय, आणि तुम्ही समोर बसून... मला दिसलंच नाही. आईशपथ, मला दिसलं नाही.

ऐका. गप्प बसा, ऐका. घरी जा आणि आधी त्या पोरीच्या डोळ्यांवरचा तो चष्मा काढून घ्या. लग्नाचं मग. वडलांना काय सांगायचं, पाहुण्यांना काय, ते सगळं मग. आणि त्याच्या दुकानात परत करायला जाऊ नका, दुसऱ्याकडून तपासून घ्या, लांबच्या. वहिनीचा भाऊ कुठं राहतो ते मला ठाऊक आहे, मला काय ठाऊक नसतं! त्यांच्याकडे जा. म्हणावं, शेजारणीनं पाठवलंय. ती दार आपटेल तोंडावर, तरी उभ्या राहा. तिला म्हणावं — नाही, काही म्हणू नका. काय म्हणणार आता —

श्श. खाली बसा. पावलं ओळखीची आहेत. आज दुकान लवकर बंद केलंन् वाटतं. बोलू नका.

— कोण? मी आहे ना, भाऊजी! घरातच! ... नाही, दार उघडत नाही, हात पिठात आहेत माझे. ... पाहुणे? कोण पाहुणे? कुणी नाही आलेलं. ... बोलत होते? मी एकटीच हो, मला काय, भिंतीशीही बोलते मी, तुम्हाला ठाऊकच आहे. ... चपला? माझ्याच त्या. नव्या घेतल्या. ... हो, घातलाय ना, डोळ्यांवरच आहे चष्मा. ... उत्तम! छान दिसतंय हो! ... नको, आत कशाला? नंबर-बिंबर काही तपासायचा नाही मला. ...

नाही म्हटलं ना. जा तुम्ही.