फसव्या दिव्यांना न भुलणारा डोळा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, माझे एकेकाळचे सहकारी, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आपली भिंगताई,

थोडक्यात बोला, असं मला बजावलं आहे. निवृत्त माणसाच्या हाती माइक देताना एवढी खबरदारी हवीच!

पाहुण्यांसाठी आपलं काम सांगतो. लढाऊ विमानाच्या पंखाखाली जवळच्या पल्ल्याचं क्षेपणास्त्र असतं. समोरच्या विमानाच्या इंजिनाची ऊब हेरून ते त्याच्या मागे लागतं. त्याच्या नाकाशी, काचेआड, एक डोळा असतो. तो वळताना पहिल्यांदा पाहिला आणि मला शाळेतली सूर्यफुलाची कविता आठवली. बाकावर डुलत आम्ही ती चालीवर म्हणायचो. मी गुणगुणू लागलो, तर साहेब म्हणाले, "कविराज, आधी मोजमाप घ्या."

पण या सूर्यफुलाला फसवता येतं. जीव वाचवायला वैमानिक मागे जळते दिवे सोडतो आणि डोळा भुलून त्यांच्याकडे जातो. भुलू नकोस, हे त्या डोळ्याला शिकवण्यात ताईचं आयुष्य गेलं. भांडारवाले म्हणायचे, "ताई, तुमच्या नजरेपुढे आमची बायको मवाळ!" ताई म्हणायची, "सांगू का तिला?"

आपल्याकडची रीत तुम्ही जाणताच. शेवटच्या दिवशी चहाचा कप घेऊन चाचणीच्या मेजासमोरून चालायचं. मेजावरचा डोळा कपाच्या उबेमागे वळत जातो. तीच त्याची सलामी. आज सकाळी ताई चालली. कुणीतरी गमतीनं फसवा दिवा पेटवला. डोळा ढळला नाही. टाळ्या पडल्या.

ताईनं मात्र कप खाली ठेवला आणि उरलेले सगळे दिवे एकेक करून स्वतः पेटवले. खोली लखलखली. डोळा कपावरच. "बघ ना रे तिकडे," ती त्याला म्हणाली. "एकदा तरी बघ."

टाळ्या थांबल्या. कारण ताईची लेक लढाऊ विमान उडवते, आणि लढाई सुरू झाल्यापासून ती आघाडीवरच्या तळावर आहे, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मग ताईनं मला विचारलं, "दादा, शत्रूकडेही अशीच खोली असेल ना? तिथं माझ्या जागी जी कुणी असेल, ती माझ्याइतकीच चोख असेल का हो?"

काय सांगायचं मी? त्यांच्याकडे कामचुकार लोक आहेत म्हणू? मला काय ठाऊक? मी म्हणालो, "ताई, चहा निवतोय." एवढंच सुचलं बघा. जन्मभर कविता पाठ करणाऱ्या माणसाला!

समोरच्या मानपत्रात ताईच्या अचूकतेचा गौरव आहे. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण तो शब्द आज मोठ्यानं वाचायला माझी जीभ रेटत नाही. अध्यक्ष महोदय, ते आपणच वाचावं.

आपण मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. म्हाताऱ्याच्या तोंडून काही उणंअधिक गेलं असेल तर पोटात घाला. आणि एक विनंती. संयोजकांनी सर्वांना फोन बंद करायला लावले आहेत. ताईचा सुरू आहे, तिच्या मांडीवर. तो वाजला, तर कुणाचंही भाषण चालू असो, तिथल्या तिथे थांबवा.