आप्पा दे!

गोपाळराव : हळू वं, हळू. पुन्हा म्हणेल ती. आत्ता अगदी स्पष्ट म्हणाली.

सिंधूताई : काय म्हणाली जी चिमी?

गोपाळराव : आप्पा.

सिंधूताई : तुमाले? आल्यापासून तं नात तुमाले पाहून माह्या पदराआड लपून राहिली.

गोपाळराव : म्हणूनच तर! मी आपला तुझ्या पापडांची राखण करत वाचत बसलो होतो. समोर आली, बोट दाखवलं आणि म्हणाली, आप्पा. तिचा बाप, आपला मनोहर, मला आप्पा म्हणतो, त्याचं ऐकलं असेल. नाहीतर मलाच भास झाला असेल. चष्मासुद्धा पुसून पाहिला.

सिंधूताई : आयकाले चष्मा काहून लागते?

चिमी : आप्पा! आप्पा दे!

गोपाळराव : बघ!

सिंधूताई : अवं माय! पुष्पलता, ये वं इकडे! तुह्या लेकीनं आजोबाले हाक मारली!

गोपाळराव : ओरडू नकोस, बुजेल ती. संध्याकाळच्या एसटीनं जातील खापरखेड्याला. वाटलं होतं, यंदाही माझ्याशी न बोलताच जाते.

पुष्पलता : काय झालं, आई?

चिमी : आप्पा दे!

पुष्पलता : अगं बाई...

गोपाळराव : हसतेस का, सूनबाई?

पुष्पलता : काही नाही, मामाजी. ते... दुधाले ती दुदू म्हणते. भाताले मम्मं. पोळीले पोपो.

गोपाळराव : गोड आहे. मग?

पुष्पलता : अन् पापडाले... आप्पा. तुमच्या मागं बाजेवर वाळून राहिले ना, तिकडं बोट होतं तिचं.

सिंधूताई : घ्या! आजोबाचा झाला पापड!

गोपाळराव : अस्सं. तरी मला शंका होतीच.

सिंधूताई : आता तोंड नका पाडू जी.

गोपाळराव : छे, छे. ओला नका देऊ तिला, पोट दुखेल. आण इकडे, मी शेगडीवर भाजतो.

सिंधूताई : तुमी? जन्मात कधी चहा तं ठेवला नाही!

गोपाळराव : तिनं माझ्याकडे मागितलाय.

पुष्पलता : उलटा, मामाजी, उलटा! जळून राहिला!

गोपाळराव : घे, बाळ. जरा काळा झाला.

(चिमी पापड मोडते आणि एक तुकडा गोपाळरावांच्या तोंडाशी धरते.)

चिमी : आप्पा! आऽऽ!

सिंधूताई : हे कोणाले म्हणाली वं? पापडाले का आजोबाले?

पुष्पलता : आता मलेही नाही समजलं, आई.

गोपाळराव : कोणी विचारू नका तिला.