मिरजगावचं लिंबू

नगरहून मिरजगावला निघालेल्या एसटीत हुमेराच्या पुढच्या सीटवर एक म्हातारबाबा आणि त्यांची सून बसली होती. त्यांचा लोणच्याचा धंदा आहे, हे तिला चांदणी चौक यायच्या आतच कळलं.

"निकिता, तुझ्या कंप्युटरनं मिरजगावच्या लिंबाला शून्य दिलंच कसं?"

"मामा, खरेदी आणि टेम्पोभाडं मिळून राहुरीचा मालच स्वस्त पडतो, म्हणून मिरजगावहून खरेदी शून्य. सगळ्या गावांचे भाव घालून गणित सोडवलंय."

"पन मिरजगावच्या लिंबाला रस लई."

"रसही धरलाय त्यात."

"साल बघ की, कसली पातळ!"

"तीपण धरली. तरी शून्यच. मामा, खरं सांगा, दर आठवड्याला लिंबासाठीच जात होता?"

"लेक दिलीय तिथं. बिनकामाचं सारखं कसं जायचं तिच्या दारात? जावई काय म्हनतील?"

"आणि गेलात की थांबायचात किती?"

"थांबतोय कुठं? टेम्पोत माल तापायचा. च्या बी उभ्यानंच."

"ताई फोनवर तेच म्हणतात, अण्णा कधी बूड टेकत नाहीत."

"अशी म्हनली?"

"आज तापायला काय आहे सोबत?"

म्हातारबाबांनी मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. तिकिटं फाडत कंडक्टर जवळ आला.

"कंडक्टरसाहेब, मिरजगावहून नगरला शेवटची गाडी कधी हाय?"

"संध्याकाळी सातला, बाबा."

"आजची न्हाई इचारत. उद्याची सांगा."