होलिट्झच्या पुलाचा हुकूम

आदरणीय अध्यक्ष कर्नल फॉन त्सित्झो, व्यासपीठावरील सन्माननीय अधिकारी, पास्टरसाहेब, आणि सभागृहात जमलेल्या सर्व स्त्री-पुरुषहो,

मी ओटिली, जनरल लेबरेख्त फॉन काल्सो यांची धाकटी मुलगी. बाबांचा घसा पार बसला आहे, म्हणून सत्काराला उत्तर मी देते आहे. शाळेत मी कधी गेले नाही. बाबांच्या जुन्या हुकमांवर गिरवूनच अक्षरं शिकले.

एक्केचाळीस वर्षांची नोकरी, तीन युद्धं, सतरा बदल्या. गेल्या महिन्यात ते निळं पाकीट आलं. आईनं ते ताटलीशेजारी ठेवलं. बाबांनी आधी बटाटे संपवले, मग म्हणाले, "उघड गं. निवृत्तीचा अर्ज करा, एवढंच असणार. साऱ्या फौजेला ते पत्र पाठ आहे."

अध्यक्षमहोदयांनी आत्ताच सांगितलं, की बोहेमियात होलिट्झचा पूल बाबांच्या हुकमानं जिंकला. रेजिमेंटच्या इतिहासातही तसंच छापायचं ठरलं आहे. त्याची मुद्रितं तपासायला माझ्याकडे होती. आपल्याकडे हुकूम कागदावर नसेल तर तो दिलाच नाही असं मानतात, हे मी आपल्याला काय सांगावं? मी सगळी दप्तरं उपसली. एकच हुकूम मिळाला: 'पुलाच्या अलीकडे थांबा.'

"बाबा, पुढे जाण्याचा हुकूम सापडत नाही."

"सापडणार नाही. दिलाच नव्हता. पाहल्के आपल्या मनानं गेला."

कप्तान पाहल्के मागे, शेवटच्या रांगेत बसले आहेत. बारा वर्षं कप्तानच आहेत. त्या पुलासाठी बाबांना पदक मिळालं, आणि त्याच पुलासाठी कप्तानांच्या नोंदीत 'हुकूम मोडला' असा शेरा पडला. शेरा बाबांनीच लिहिला होता. एकाच पुलाचं हे दोन्ही कसं व्हावं?

मी विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आधी लाज वाटली. मग सवय झाली. आता गप्प राहण्याचाही कंटाळा आलाय, ओटिली."

शेरा ज्यानं लिहिला त्यानंच, नोकरीत असेपर्यंतच, मागे घ्यायचा असतो. बाबांची नोकरी आज संपते. हे त्यांच्या सहीचं पत्र. कर्नलसाहेब, कृपया सर्वांसमक्ष स्वीकारावं.

काय म्हणालात, कप्तानसाहेब? "राहू द्या, ओटिलीबाई, आता मेजर होऊन माझे गुडघे थोडेच बरे होणार आहेत?" नाही होणार. पण तुमची मुलं तो इतिहास वाचतील.

कर्नलसाहेब, पत्र घेतलंत, मी आभारी आहे. आपण सगळे एवढ्या थंडीत आलात, त्याबद्दलही. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कप्तान पाहल्के यांची क्षमा मात्र मला मागता येणार नाही. त्यासाठी बाबा उठले आहेत. मधल्या खुर्च्या जरा सरकवा, त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत जायचं आहे.