ताप मनकर्णेले अन् बोट मामाजीचं

...नाही नाही, तुमीच सांगा बायांनो, ताप एकीले अन् रक्त दुसऱ्याचं, असं कुठी असते काय? आमच्या घरी झालं! महाराष्ट्र झाला ना, त्याच्या दुसऱ्या पावसायातली गोष्ट सांगून राहिली. मी सुंदरा, पुंजाजीची थोरली सून. धाकटी मनकर्णा, वरूडची, पोटुशी, सातवा लागलेला. तिचा नवरा, माहा देर देवमन, तिकडे अकोल्याले मिलमंधी. अन् इकडे हिले ताप! एक दिवस आड. थंडी अशी वाजे का अंगावर दोन गोधड्या टाकल्या अन् वरून मी बसली, तरी पोरगी हालेच!

अशात आला मलेरियावाला वामनराव. खांद्याले झोळी, झोळीत काचा अन् सुया. दारातूनच विचारते, "घरात ताप आहे का कुणाला?" आता मी तोंड उघडतो उघडतो, त आमचे मामाजी उठले. सासरे माहे. धोतराले हात पुसला अन् देलं बोट पुढं! "हाये ना साहेब, ताप हाये घरात. घ्या रक्त!" त्याले काय मालूम? त्यानं टोचलं, थेंब काचेवर फासला, पुंजाजी नाव लेहलं, चार गोया हातावर ठेवल्या. अन् मामाजीनं चारही गियल्या हो! कडू जहर, पन तोंड वाकडं नाही केलं. वरून आत येऊन मनकर्णेले म्हनते, "आता तुले बरं वाटन बाई."

मी म्हटलं, मामाजी, ताप मनकर्णेले अन् बोट तुमचं?

त म्हनते, "सुंदरा, पटवाऱ्यापाशी घरचा अंगठा कोन देते? मी. सोसायटीत कोन देते? मी. मंग हे सरकारी काम नाही काय? अन् दोन जिवाची बाई ते, तिच्या आंगातलं रक्त काहून काढू देऊ? माह्यं लय हाये. घर एक, रक्त एक!" आता रक्त एक कसं होईन बाप्पा, ते त वरूडची! पन सासऱ्याले कोन सांगन?

पंधरा दिवसानं वामनराव परत आला. "पुंजाजी, तुमची काच साफ निघाली!" झालं... मामाजीची छाती फुगली. तुमाले सांगतो, माहा सासरा पहिले अंगारे-धुपारे करे, पन धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी समदं सोडलं. म्हनते, आता समदं पारखून घ्याचं. समोर येईन त्याले सांगत, "रक्त उजेडात धरून पाह्यते, दुर्बिनीतून! उजेडात पाह्यलेलं कधी खोटं नसते." अन् माही सासू भागीरथा? तिले त आयतंच सापडलं! "पाह्य वं, सरकारनं पाह्यलं, काईच नाही निंगालं. वावरात निंदाले जा लागते म्हनून हिचं सोंग!"

सोंग! डोये पिवये पडले, ओठ पांढरे झाले, पानी पेलं तरी उलटून पडे, अन् म्हने सोंग! मनकर्णा मले हयूच विचारे, "बाई, रक्तात नाही निंगालं, मंग मीच खोटी असन काय वं?" तिचं तिलेच खोटं वाटाले लागलं, बायांनो. माह्या जिवाची निस्ती आग आग झाली. ताप मनकर्णेले अन् बोट मामाजीचं, मंग निंगन कुठून?

नाही कोनाले विचारलं मी. शेजारच्या भगवंताची बैलाची दमनी जुंपाले लावली अन् तिले घेऊन गेली नांदगावच्या दवाखान्यात. तथी दुर्बीनवाल्यानं तिचं बोट टोचलं, त रक्तच नाही ये! बोट दाबून दाबून एक थेंब आला. रंगवला, वायवला. अन् त्या दुर्बिनीचं कसं हाये, खाली आरसा असते. त्यानं खिडकीतलं ऊन पकडाचं, खालून काचेत सोडाचं, तवा रक्तातलं दिसते. अन् तवाच आभाय आलं! समदा अंधार. तो म्हनते, "बाई, थोडा उजेड येऊ द्या." मनकर्णा जमिनीवर पडली, माह्या मांडीवर डोकं. शेतकऱ्याची सून मी, आषाढाच्या दिवसात आभायाले शिव्या देऊन राहिली! सरक म्हनो, बाप्पा, सरक ना रे!

सरकलं. तो वाकला, पाह्यलं, परत पाह्यलं. "मलेरिया आहे. खूप आहे. इतके दिवस काय केलंत?"

काय सांगू? ताप मनकर्णेले अन् बोट मामाजीचं, असं सांगू?

गोया भेटल्या, मनकर्णा वाचली. लेकरू नाही वाचलं. पोरगी होती... नाक-डोये समदे मनकर्णेचे. मीच धुतलं तिले, मीच फडक्यात घेतलं. लय रडली मी. अजूनही येते मले रडू, त्यात लाजाचं काय?

सासू त्या दिवसापासून "सोंग" म्हने नाही. मामाजीनं त दुर्बिनीची गोष्ट सांगनंच सोडलं. मंग एका दिवशी वामनराव आला, परत एकडाव रक्त पाह्याचं म्हने. मनकर्णा भिंत धरत धरत बाहीर आली अन् आपलं बोट आपन पुढं केलं. मामाजी ओट्यावर बसून पाहून राहिले.

तो गेला. मनकर्णा आत गेली. तवा मामाजी मले म्हनते, "सुंदरा, माह्यं रक्त साफच होतं ना वं?"

मी म्हटलं, "होतं ना मामाजी."

"मंग तिच्या कामी काहून नाही आलं?"

आता सांगा बायांनो, या मानसाले मी काय सांगू? रागावू का रडू? मी म्हटलं, "बसा मामाजी. च्या मांडतो."