काचेतले संतबाबा

वळू तुझा व्हता, पाय पन त्याचेच व्हते, बैताडा! बांधावरनं उडी टाकून आला तो, मी काय दावं लावून वढून आनला? — बसा बाई, बसा. तुमाला न्हाई बोललो. ओगुस्तला बोललो, माझ्या थोरल्या भावाला. हितं कुठला, तो टेकाडापल्याड असतो. ऐकू जात न्हाई त्याला. न जाईना, मला येतंय की. आज बुधवार हाय — दिवस मावळला की सोमवार उजाडेस्तवर आमच्या खोऱ्यात भांडायचं न्हाई. शिवी न्हाई, हात उचलायचा न्हाई, दुसऱ्याच्या बांधाकडं वाकडं बघायचं न्हाई. म्हनून मी बुधवारी दुपारीच सगळं उरकून घेतो.

हसताय काय? तुमीच म्हनालात, हजार वर्सांमागं बिशपनं ह्याच कुरनावर घालून दिलेला नेम हाय ह्यो, देवाची शांतता का काय ती. हजार-बिजार आमाला ठावं न्हाई. आमची आय सांगायची, गुरुवारी भांडलं की दूध नासतं. आन् तुमी जुना इतिहास लिहायला दारोदार इचारत फिरताय, लोकांनी तवा बिशपला येवढा पाठिंबा का दिला. बिशपला कोन इचारतंय! लोक आले ते संतबाबांसाठी. सोन्याच्या पत्र्यानं मढवलेली ती मूर्ती, आत बाबांचं हाड — चर्चमधनं उचलून कुरनावर आनली. गढीवरच्या सरदाराला सगळ्यांदेखत बाबांच्या डोक्यावर हात ठेवून बोलावं लागलं — कुळाचा बैल नेनार न्हाई, गाय नेनार न्हाई, घर जाळनार न्हाई. ते बघायला आले लोक. गढीवाला घाम पुसतोय हे फुकटात बघायला मिळत असंल तर मी आजारातनं उठून जाईन. आन् येकदा समद्यांनी बघितलं, की मग मोडायची चोरी. नुसता बिशप काय करनार व्हता? पानी शिंपडनार?

आमी पन तसंच करत आलो. दोन घरांत वाजलं की बाबा कुरनावर, दोघांचे हात त्यांच्या डोक्यावर, भवती गाव उभं — मग वाईन, चीज, मिटलं. मग सरकारचा मानूस आला, म्हनाला ही देशाची ठेव हाय. बाबांना घातलं काचेत, वर धोक्याची घंटी. तवापासनं गावात येक भांडन मिटलेलं न्हाई. पाद्री म्हनतो, बायबलवर हात ठेवा. पुस्तकावर? पुस्तकाला डोळे हायत का? पोस्टातल्या लेओनीनं आन् तिच्या जावंनं बाबांच्या फोटोकार्डावर शपथ घेतली. दुकानातलं कार्ड, मागं किंमत छापलेली. काय टिकनार? जावंनं लेओनीच्या कोंबड्यांवर कुत्रं सोडलं.

ओगुस्त पन तेच म्हनतो. वळूचं मिटवू, पन बाबांवर हात ठेवून, न्हाईतर न्हाई. जल्मात येकदा शहान्यावानी बोलला. त्याचा राग काय, तर वळू आला गुरुवारी, शांततेच्या वारी. आता वळूला वार कोन सांगनार? मी ठेवून घेतला, खरं हाय. सोमवारी देनार व्हतो. सोमवारी ह्यो शिव्या घालत आला, मग कोन देतंय?

आता ओगुस्त पडलाय गोठ्याच्या पायरीवरनं, खुबा मोडून; दवाखान्यातनं घरी आलाय, पन काम व्हत न्हाई. गुरं परवा व्यापारी नेनार, आन् शनिवारी त्याला गाडी नेनार, शहरातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात. तिथनं कोन परत आलंय? नेऊ दे, माझं काय जातंय — काय? बुटाला? हां, ते त्याच्याच गोठ्यातलं शेन हाय. लई बारीक नजर बाई तुमची. पहाटं जातो मी. त्याच्या गाई तटतटल्या की हंबरतात, माझी झोप मोडते, म्हनून. आपल्या झोपंसाठी. दूध काढतो, कॅन दारात ठेवतो, येतो. त्याला वाटतं डेअरीनं मानूस धाडलाय. वाटू दे. त्याला सांगाल तर बघा! — काल खिडकीतनं दिसला. पलंगाच्या कडंला बसून बूट घालत व्हता. वाकता येईना. पायानंच बूट पुढं ढकलत व्हता, मागं वढत व्हता. लई वेळ. मी बाहेर उभा. आत जाऊन घातला असता — पन आमी बोलत न्हाई ना.

तर ऐका. बिशपची परवानगी तुमच्याकडं हाय. उद्या सकाळी चर्चची मानसं घंटी बंद करनार, काच उघडनार, तुमाला बाबांचं माप घ्यायचंय म्हनून. पाद्रीच बोलला. घ्या माप, निवांत घ्या. गाव चर्चच्या दारात असंल. ओगुस्तला खुर्चीसकट आनायचं ठरलंय, त्याला अजून सांगितलं न्हाई. वळू मी आननार, दाव्याला धरून. बाबांना उचलून कुरनावर न्यायला खांदे हायत आमच्याकडं. — तुमची नोकरी जाईल? जाईल कदाचित. लोक कशाला येतात ते बघायला आलाय ना तुमी? मग उद्या काच उघडली की बाजूला व्हा.