एका टिंबाचा फरक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे आदरणीय मुख्याध्यापक सर. व्यासपीठावरील संस्थेचे मान्यवर पदाधिकारी. माझे सहकारी शिक्षक आणि शिक्षिका. खुर्च्या रिकाम्या असूनही सवयीने खिडक्यांत जाऊन बसलेले आमचे आजी-माजी विद्यार्थी. आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या जीवशास्त्राच्या बाई, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, माझी ताई. सर्वांना नमस्कार.

बोलण्याआधी एक लहानसं काम उरकते. इथे पाण्याचा पेला ठेवलाय. त्यात शाईचा एक थेंब सोडते. सर, हा पेला आता आपण कृपया तोंडाला लावू नये, आपल्यासाठी दुसरा येतोय.

पडला बघा. तळाकडे निघाला, मागे निळा धागा सोडत. आता त्याची वलयं होतील, वलयांचे धागे होतील. हलवायचं मात्र नाही, ही ताईची सक्त ताकीद. लहानपणी आमच्या खोलीच्या खिडकीत ती असाच पेला ठेवायची. मी चमचा घेऊन धावले की माझं मनगट धरायची. "हलवू नकोस गं. त्याचं त्याला जाऊ दे." मग आम्ही दोघी खिडकीच्या कट्ट्यावर हनुवट्या टेकून बसायचो. दुपार असायची. आत आईचा डोळा लागलेला असायचा. उन्हाची तिरीप पेल्यातून जाऊन भिंतीवर पडायची आणि भिंतीवरसुद्धा ते निळं हळूहळू फिरत राहायचं. बघता बघता मला डुलकी लागायची. जागी व्हायचे तेव्हा थेंब नसायचा, सगळं पाणीच फिकट निळं झालेलं असायचं. थेंब गेला कुठे, म्हणून मी रडवेली व्हायचे. ताई म्हणायची, "वेडाबाई, गेला कुठे? सगळीकडे झाला."

याला शास्त्रात विसरण म्हणतात, हे इथल्या प्रत्येकाला तिने शिकवलंय. जिथे जास्त, तिथून जिथे कमी, तिकडे कण जातात. त्यांना कोणी ढकलत नाही. एकेक कण आपला वाट फुटेल तिकडे भटकत असतो, कुठे पोचायचंय याचा त्याला पत्ताही नसतो, आणि तरी सगळे मिळून सारखे पसरतात. शिक्षकखोलीत कोणी कॉफीचा डबा उघडला की ग्रंथपालांचं डोकं कपाटामागून वर येतं, ते याच नियमाने. आत्ता आपण श्वास घेतलात ना? त्यातला प्राणवायू फुप्फुसाच्या पातळशा भिंतीतून रक्तात उतरला, तोही असाच, न सांगता, न बोलावता.

आणि परासरण? ते विसरणाचं धाकटं भावंड, माझ्यासारखंच जरा हट्टी. इथे मधे एक पडदा असतो. पेशीला तो असतोच. त्याचं पुस्तकी नाव निवडक्षम पारपटल. मी मराठी शिकवते, पण हे नाव घेताना माझीही जीभ अडखळते. हा पडदा पाण्याला वाट देतो आणि साखर-मिठाला दारातच थोपवतो. मग पाणीच उठून जातं, जिकडे मीठ-साखर दाट असेल तिकडे. बेदाणे भिजत घातले की पाणी आत शिरून ते टम्म फुगतात. काकडीच्या चकत्यांना मीठ लावलं की पाणी बाहेर येऊन ताटलीत साचतं. आई दवाखान्यात होती तेव्हा मी ताईला विचारलं होतं, सलाईनमध्ये मीठ कशाला गं? ती म्हणाली, "नुसतं पाणी सोडलं तर रक्तातल्या पेशी ते पिऊन पिऊन फुटतील. आत आणि बाहेर मेळ असावा लागतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू घरी जाऊन झोप. तुझ्यातलं आटत आलंय." तिचं शास्त्र हे असं. पेशीवरून बोलता बोलता माणसापाशी यायचं.

आता टिंबाकडे येते. मागे हशा पिकलाय, म्हणजे गोष्ट ठाऊक आहे. पण व्यासपीठावरच्या पाहुण्यांना ठाऊक नाही, तेव्हा जरा धीर धरा.

मी या शाळेत नवीकोरी रुजू झाले होते. ताई सर्दीने घरी होती आणि तिचा तास मला घ्यायला लावला. वर्गात गेले तर फळ्यावर आदल्या दिवशी तिने ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलेलं, "उद्याचा विषय : विसरण". माझ्या अंगात व्याकरण सळसळत होतं. म्हटलं, काय हे! शास्त्राच्या लोकांना अनुस्वाराची म्हणून काही चाड? लाल खडू घेतला, 'ण'च्या डोक्यावर छान गरगरीत टिंब दिलं, आणि सगळ्या वर्गाला 'विसरणं' या विषयावर निबंध लिहायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा. ती रागावली नाही. नाक पुसत पुसत तिने सगळे वाचले आणि शिक्षकखोलीत सर्वांसमोर म्हणाली, "आमच्या घरातलं सगळं मीठ हिच्या डोक्याकडे गेलं, पाणी मात्र माझ्या नाकात राहिलं." तेव्हापासून दर वर्षी हा धडा आला की ती फळ्यावर तो शब्द लिहायची, खडू खाली ठेवायची आणि वर्गाला सांगायची, "दार लावून घ्या रे, टिंबबाई येतील." मला या शाळेत टिंबबाई म्हणतात ते यामुळे. मीही तो मान मिरवला.

यापुढचं बोलणं माझ्या जिवावर आलंय. पण ताईनेच सांगितलंय, तूच बोल. "मी बोलायला उठले आणि मधेच थांबले, तर लोकांना वाटेल प्रात्यक्षिक चाललंय." हो ताई, तुझ्याच शब्दांत सांगितलं. बघा, हसतेय.

गेल्या सत्रात हाच धडा चालू होता. टेबलावर पेला होता, थेंब पाण्यात पडला होता, धागे सुटले होते. ताई खडू घेऊन फळ्याकडे वळली आणि तशीच उभी राहिली. पेल्यात काय चाललंय ते तिला लख्ख कळत होतं. त्याचं नाव तेवढं येईना. वर्गाला वाटलं, नेहमीची गंमत. पोरं दाराकडे बघून ओरडली, "टिंबबाई आल्या! टिंबबाई आल्या!" ताईही हसली. तास संपेपर्यंत हसत राहिली. मग शिक्षकखोलीत आली, माझ्या शेजारी बसली, आणि खडूने भरलेला हात माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "तुझं टिंब पडलं गं."

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हे विसरणं आता वाढत जाणार, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. वेळेआधीच्या या निरोपाचं कारण तेवढंच आहे. बाई थकल्या, कंटाळल्या, असं कोणी म्हणत असेल तर ते मनातून काढून टाका. मला भीती वाटते, हे मी लपवत नाही. सकाळी ती चहा पुढ्यात घेऊन माझ्याकडे बघते तेव्हा आधी मी तिचे डोळे बघते, आज मी त्यांत आहे ना, म्हणून.

ती मात्र वेगळ्याच गोष्टीला घाबरते. परवा म्हणाली, "मी विसरेन ते विसरेन. पण पोरं रस्त्यात भेटतात, एवढाली झालेली, आणि विचारतात, 'बाई, ओळखलंत का?' मला नाही आठवलं की त्यांचं तोंड एवढंसं होतं. ते मला बघवत नाही."

म्हणून आपणा सर्वांपाशी माझं एकच मागणं आहे. यापुढे बाई भेटल्या तर 'ओळखलंत का' हे विचारू नका. आपल्याला ती खोडच असते, मला ठाऊक आहे. पण आवरा. सरळ आपलं नाव सांगा, कोणत्या बाकावर बसायचात ते सांगा, तिच्या तासाला काय उद्योग केलेत ते सांगा. आमचं घर शाळेमागच्याच गल्लीत आहे आणि दुपारी दार नुसतं लोटलेलं असतं. तिने जन्मभर जे वाटलं ते आज तुमच्यापाशी जास्त आहे आणि तिच्यापाशी कमी होत जाणार आहे. मग नियमाप्रमाणे काय व्हायला हवं? खिडकीतल्या मंडळींनो, सांगा बरं. जिथे जास्त, तिथून...

बरोबर. बाई, पोरांना पाठ आहे.

पेल्याकडे बघा. तळाशी अजून जरा गडद आहे, पण थेंब आता दाखवता यायचा नाही. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ निमूट ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. निरोप घेताना आपण चूकभूल माफ करा म्हणतो. आज मी त्याची वाटणी करते. बोलण्यात चूक झाली असेल तर ती माझी. आणि इथून पुढे भूल पडेल, ती माझ्या ताईची. दोन्ही पदरात घ्या.